कन्सोल पोर्ट गप्प आहे? राउटर बंद-चालू करण्याआधी हे करा

नेटवर्क सपोर्टचा छोटा धंदा सुरू करणाऱ्यांसाठी आपली जी मालिका चालू आहे, त्यातला हा धडा थोडा तांत्रिक आहे. पण शेवटपर्यंत वाचा, कारण यात तुमचा पहिला मोठा ग्राहक टिकण्याचा किंवा जाण्याचा प्रश्न आहे. व्हिडिओत हात दिसतात, स्क्रीन दिसते. मात्र कोणत्या क्रमाने जायचं आणि का, ते लिहूनच नीट सांगता येतं.

चित्र असं डोळ्यासमोर आणा. मालाड पश्चिम, एस. व्ही. रोडला लागून दुसऱ्या मजल्यावर एका सीएचं ऑफिस. नऊ-दहा माणसं. कोपऱ्यात भिंतीला टांगलेला छोटा रॅक, त्यात सिस्कोचा जुना २९०० मालिकेतला राउटर. कोणीतरी पूर्वी बसवून दिलेला. तो बसवणारा आता फोन उचलत नाही, पासवर्ड कोणालाच माहीत नाही. ऑफिसला इंटरनेट कंपनी बदलायची आहे, म्हणून तुम्हाला बोलावलंय. तुम्ही निळी केबल काढता, लॅपटॉपला लावता, पुटी उघडता, एंटर दाबता आणि काहीच नाही. काळी स्क्रीन. पुन्हा एंटर. काळी स्क्रीन.

एवढ्यात मागून साहेब म्हणतात, "अहो, एकदा बंद करून चालू करा ना, आमच्या घरचा तसाच चालतो."

इथे थांबायचं.

राउटर या क्षणी चालतोय. माणसं पोर्टलवर काम करतायत. तारीख जर २० असेल तर जीएसटीआर-३बी भरण्याचा दिवस आहे, जुलैचा शेवट असेल तर आयकर रिटर्नची धावपळ. सिस्कोच्या राउटरमध्ये सेटिंगच्या दोन प्रती असतात. एक चालू प्रत, रनिंग-कॉन्फिग. ती रॅममध्ये राहते आणि वीज गेली की पुसली जाते. दुसरी जतन केलेली प्रत, स्टार्टअप-कॉन्फिग. ती एनव्हीरॅममध्ये असते, वीज गेली तरी राहते. आधीच्या माणसाने शेवटचा बदल करून सेव्ह केलाच नसेल, तर तुम्ही बटण दाबताक्षणी तो बदल गेला. कोणता होता? कोणालाच माहीत नाही. शिवाय कित्येक महिने न थांबलेलं जुनं यंत्र एकदा थांबलं की पुन्हा उठेलच याची खात्री कोणी देत नाही. पॉवर सप्लाय, फ्लॅश मेमरी अशा गोष्टींचा दम नेमका चालू होतानाच सुटतो. मग "कन्सोल लागत नाही" ही तुमची छोटी अडचण "ऑफिस बंद पडलं" अशी त्यांची मोठी अडचण होते, आणि ती तुमच्या हाताने झालेली असते.

म्हणून क्रम उलटा ठेवा. तपासणी तुमच्या लॅपटॉपपासून सुरू करून राउटरकडे जायची. बंद-चालू करणं अगदी शेवटी, तेही ठरवून. गप्प बसलेल्या कन्सोलचं कारण बऱ्याचदा केबलच्या तुमच्या बाजूलाच असतं, आणि तुमची बाजू तपासायला ग्राहकाच्या यंत्राला हातही लावावा लागत नाही.

आधी आपला लॅपटॉप

आजच्या लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसतो. आपण यूएसबीचं कन्व्हर्टर वापरतो. त्या कन्व्हर्टरमध्ये एक छोटी चिप असते, बहुतेक वेळा एफटीडीआय, प्रॉलिफिक किंवा सीएच३४०. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि पोर्ट्स या ओळीखाली बघा. तिथे कॉम ३, कॉम ५ असं काही दिसतंय का? पिवळं उद्गारचिन्ह आहे का? केबल काढा, परत लावा. जो नंबर जातो आणि येतो तो तुमचा. पुटीमध्ये मुळात कॉम १ लिहिलेलं असतं आणि घाईत आपण तेच ठेवतो. अर्ध्या तासाचं डोकं तिथेच खाल्लं जातं.

स्वस्त कन्व्हर्टरची एक गंमत आहे, पण खिशाला लागणारी. प्रॉलिफिकची पीएल२३०३ ही चिप जगभर नक्कल झाली. कंपनीने पुढच्या ड्रायव्हरमध्ये जुन्या आणि नकली चिपांना नकार द्यायला सुरुवात केली. त्यामुळे विंडोज १० आणि ११ वर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावाच्या जागीच "ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा" अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसते. वायर बरोबर, राउटर बरोबर, पण काम शून्य. २०१४ मध्ये तर एफटीडीआयच्या एका ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला होता. विंडोज अपडेटमधून तो ड्रायव्हर आला आणि लोकांची चालू यंत्रं एका रात्रीत मुकी झाली. ओरड झाल्यावर तो मागे घेतला गेला. माझं मत सरळ आहे. कन्व्हर्टर हे तुमच्या धंद्याचं हत्यार आहे, त्यात शंभर-दोनशे रुपये वाचवू नका. आणि बॅगेत दोन ठेवा, वेगवेगळ्या चिपचे.

"पोर्ट उघडता येत नाही" असा संदेश आला, तर तो पोर्ट दुसऱ्या कुठल्या तरी प्रोग्रामने धरून ठेवलाय. पुटीची आधीची खिडकी मागे उघडी असते, नाहीतर एखादं बारकोड किंवा हजेरी मशीनचं सॉफ्टवेअर. बंद करा, पुन्हा बघा.

हिरव्या जोडीची चाचणी

आता या धड्यातली सगळ्यात कामाची गोष्ट. कन्व्हर्टर आणि केबल चांगली आहे की नाही, हे राउटरशिवाय एका मिनिटात कळतं.

सिस्कोच्या आरजे-४५ कन्सोल पोर्टमध्ये ३ नंबरच्या पिनवरून राउटर बोलतो आणि ६ नंबरवर ऐकतो. ४ आणि ५ ग्राउंड आहेत. निळ्या केबलच्या टोकाला ३ आणि ६ एकमेकांना जोडले, की तुमच्या लॅपटॉपने पाठवलेलं अक्षर फिरून तुमच्याकडेच परत येतं. यासाठी भिंतीत बसवतो तो साधा आयओ घ्या. त्यावर ए आणि बी असे रंगांचे दोन क्रम छापलेले असतात. बी क्रमात ३ म्हणजे हिरवा-पांढरा आणि ६ म्हणजे हिरवा. तारेचा एक छोटा तुकडा घेऊन त्याचं एक टोक हिरव्या-पांढऱ्यात, दुसरं हिरव्यात पंच करा. झालं तुमचं चाचणी यंत्र! त्यावर लाल टेप गुंडाळा, म्हणजे चुकून कोणाच्या भिंतीत बसणार नाही.

वापरायचं असं. पुटीमध्ये सिरियल निवडा, वेग ९६००, फ्लो कंट्रोल "नन". निळ्या केबलचं टोक त्या आयओमध्ये घाला. आता काहीही टाइप करा. अक्षरं उमटली? मग आयओ काढा आणि पुन्हा टाइप करा. आता उमटायला नकोत. काढल्यावरही उमटत असतील, तर पुटीमध्ये लोकल इको चालू आहे आणि चाचणी खोटी आहे. ते बंद करून परत करा. लावल्यावर उमटतात, काढल्यावर नाही, असं झालं की लॅपटॉप, ड्रायव्हर, कन्व्हर्टर आणि तारा या सगळ्यांना एकदम पास द्या. नाही उमटली, तर दुसरी केबल. राउटरला अजून हात लावायचा नाही.

ही चाचणी ग्राहकासमोर करा. त्याला पिना कळणार नाहीत, पण हा माणूस आधी स्वतःचं सामान तपासतोय हे कळतं. पुढे तुम्ही "पोर्ट गेलाय" म्हणाल तेव्हा या एका मिनिटामुळे तो विश्वास ठेवेल.

मग छिद्र बरोबर आहे का?

हसू नका, पण जुन्या राउटरच्या मागे आरजे-४५ सारखी दिसणारी पाच-सहा छिद्रं असतात. सिस्कोवर कन्सोलच्या भोवती फिकट निळा रंग असतो. शेजारीच काळ्या रंगात ऑक्स असतो, तो कन्सोल नव्हे. भिंतीवर टांगलेल्या रॅकमध्ये, मोबाईलच्या टॉर्चच्या उजेडात, मान वाकडी करून बघताना ऑक्समध्ये केबल घालणं फार सोपं आहे.

दुसरं, १९०० आणि २९०० मालिकेत आरजे-४५ शिवाय मिनी-यूएसबीचाही कन्सोल असतो. दोन्ही एकदम चालत नाहीत. यूएसबीकडून कॉम्प्युटर जोडलेला असेल तर तोच जिंकतो आणि आरजे-४५ गप्प बसतो. आधीच्या माणसाने रॅकमधल्या सर्व्हरला जोडून ठेवलेली मिनी-यूएसबी केबल तशीच राहिलेली असते. कोण चालू आहे ते पोर्टजवळचा छोटा हिरवा दिवा सांगतो. तो बघा. तुम्ही स्वतः मिनी-यूएसबीने जात असाल तर सिस्कोचा ड्रायव्हर लागतो. आणि केबल डेटाची हवी, फक्त चार्जिंगची नको.

साधी लॅनची पॅच कॉर्ड लॅपटॉपच्या लॅन पोर्टातून कन्सोलमध्ये घालून "लिंकचा दिवा लागत नाही" म्हणणारेही भेटतील. कन्सोल हे लॅन नाही, तिथे दिवा लागणारच नाही. उलट एक धोका मात्र खरा आहे. छतावरच्या वायफाय रेडिओला जी २४ व्होल्टची पॅसिव्ह पीओईची तार येते, ती चुकून कन्सोलमध्ये गेली तर पोर्ट जळू शकतो. ती वीज समोर कोण आहे हे विचारत नाही, सरळ जाते.

आपल्या भागातली अजून एक गोष्ट. मालवणी, मढ, मार्वेकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा. न वापरलेल्या पोर्टच्या पिना काळ्या-हिरव्या पडतात. बॅटरी लावून आत बघा. गंज दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा हलका फवारा, थोडा वेळ वाळू द्या. चालू राउटरवर फवारणी नको. म्हणजे हे कामही बंद करण्याच्या वेळेसाठी राखून ठेवा.

पडदा काय सांगतो

पूर्ण काळा पडदा आणि कचरा अक्षरं, या दोन अगदी वेगळ्या बातम्या आहेत. प्रश्नचिन्हं, चौकोन, विचित्र खुणा येत असतील तर खूश व्हा. तार जिवंत आहे, फक्त वेग जुळत नाही. सिस्को आणि जुनिपर ९६०० वर येतात, मायक्रोटिकचे राउटरबोर्ड १,१५,२०० वर. वेग कोणी बदललेला असू शकतो, म्हणून ९६०० नंतर १,१५,२००, मग १९,२००, ३८,४००, ५७,६०० असं एकेक बघा. प्रत्येक वेळी दोन-तीनदा एंटर मारा. बाकी सेटिंग आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट.

राउटरचे संदेश दिसतात पण तुमचं टाइप केलेलं पोहोचत नाही, अशी तिसरी तऱ्हा. इथे आधी फ्लो कंट्रोल बघा. हार्डवेअरचं फ्लो कंट्रोल चालू असेल आणि केबलमध्ये त्या तारा नसतील, तर लॅपटॉप परवानगीची वाट बघत बसतो. "नन" करा. पुटीचं मूळ सेटिंग झॉन-झॉफ असतं, तेही बदला. तरी नाही? मग पाठवणारी एकच तार तुटलेली असेल, पण ती आपण हिरव्या जोडीने आधीच पकडली असती. राहिली एक शक्यता. आधीच्या माणसाने कन्सोलवर "नो एक्झेक" टाकलेलं असेल. मग संदेश दिसतील, लॉगिन मिळणार नाही.

आणि पडद्यावर "रॉममॉन १" असं दिसलं तर कन्सोल उत्तम आहे. राउटरला त्याचं आयओएस सापडलेलं नाही. तो आजार वेगळा.

मागचं दार

सगळं तपासलं, तरी काळा पडदाच. आता दिशा बदला. कन्सोल हा राउटरमध्ये जायचा एकच रस्ता नाही. ऑफिसच्या लॅनमधून एसएसएच किंवा टेलनेट चालतं का बघा. पासवर्ड? साहेबांना जुन्या इनव्हॉइसची फाइल, जुन्या ईमेल, राउटरच्या खाली चिकटवलेली चिठ्ठी शोधायला सांगा. इनव्हॉइसच्या मागे पेनने लिहिलेला पासवर्ड ही काही दंतकथा नाही.

आत गेलात की पहिलं काम "शो रन". सगळा मजकूर कॉपी करून लॅपटॉपवर फाइल करा. मग चालू प्रत स्टार्टअपमध्ये सेव्ह करा. त्या क्षणापासून तुमच्या छातीवरचा दगड उतरला, कारण आता राउटर बंद पडला तरी सेटिंग हातात आहे. मग "शो लाइन कन्सोल ०" दिलं की कन्सोलचा वेग किती ठेवलाय ते तिथेच दिसतं. आणि कन्सोलवर कोणाचं जुनं सत्र अडकून पडलं असेल तर "क्लिअर लाइन कन्सोल ०". कित्येकदा एवढ्याने निळी केबल बोलायला लागते आणि बंद-चालू करायची वेळच येत नाही.

मागचं दारही बंद असेल, तरच रिस्टार्ट. तो असा. कामाचे तास संपल्यावर, ग्राहकाची लेखी संमती घेऊन. व्हॉट्सॲपवर दोन ओळी चालतील, पण त्यात "सेव्ह न केलेलं सेटिंग जाऊ शकतं आणि राउटर पुन्हा सुरू न होण्याची शक्यता आहे" हे स्पष्ट हवं. त्याआधी इंटरनेट कंपनीकडून स्टॅटिक आयपी, पीपीपीओई असेल तर आयडी आणि पासवर्ड, व्हीलॅन क्रमांक मागून घ्या. एक साधा चालू राउटर बॅगेत ठेवा, म्हणजे सकाळी दहाला काहीही झालं तरी माणसं पोर्टल उघडतील. प्रत्येक पोर्टमधली तार कुठे जाते त्याचा फोटो काढा. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर ठेवा. जुन्या इमारतींतलं अर्थिंग धड नसतं, आणि पोर्ट जोडताना बारीकशी ठिणगी उडून कन्सोलचीच चिप जाऊ शकते.

कन्सोल जोडलेला ठेवूनच वीज द्या. सुरुवातीचे संदेश उमटले तर राउटरची बोलण्याची बाजू जिवंत आहे. कचरा आला तर वेग बदला. कुठल्याही वेगावर एक अक्षरही नाही, पण राउटरचे दिवे नेहमीसारखे लागून इंटरनेट चालू झालं, तर कन्सोल पोर्ट गेला असं म्हणायला आता तुमच्याकडे आधार आहे.

जाता जाता केबलबद्दल एक इशारा. तीच सिरियल केबल रॅकमधल्या यूपीएसच्या नऊ पिनांच्या पोर्टला लावून बघायचा मोह होतो. एपीसीच्या काही यूपीएसची पिनांची मांडणी वेगळी आहे आणि साधी केबल लावताच यूपीएस बंद पडू शकतो. मग रिस्टार्ट तुम्ही न ठरवताच होतो, सगळ्या रॅकचा! तसंच घरगुती राउटर उघडून आतल्या चार पिनांना ही केबल लावू नका. तिथे साधारण ३.३ व्होल्टचं काम असतं, आपली आरएस-२३२ केबल त्याहून बऱ्याच जास्त व्होल्टेजवर, तेही उणे-अधिक, बोलते.

पासवर्ड तोडायचा का?

कन्सोल लागला पण पासवर्ड नाही, तर सिस्कोचा मार्ग माहीत असलेला आहे. चालू होतानाच्या पहिल्या मिनिटात ब्रेक, रॉममॉनमध्ये रजिस्टर झिरो-एक्स-२१४२, काम झाल्यावर परत झिरो-एक्स-२१०२. लॅपटॉपवर ब्रेकची कळ नसते, पुटीच्या मेनूत "स्पेशल कमांड" मध्ये ती मिळते. याचा पूर्ण व्हिडिओ वेगळा आहे. इथे धंद्याच्या दोनच गोष्टी. राउटर त्या ऑफिसचाच आहे याचं बिल बघितल्याशिवाय हे करू नका, कारण कित्येक राउटर भाड्याचे किंवा इंटरनेट कंपनीचे असतात. आणि सुरू होताना "पासवर्ड रिकव्हरी बंद आहे" अशा अर्थाची ओळ दिसली, तर थांबा. त्या स्थितीत पुढे जाणं म्हणजे सगळं सेटिंग पुसून कारखान्यातल्या अवस्थेत जाणं.

पैशांचं काय

नवीन मुलं इथेच अडखळतात. दोन तास तपासलं, शेवटी फ्लो कंट्रोल बदललं, तर पैसे कशाचे मागायचे? निदानाचे. कोटेशनमध्ये पहिल्यापासून दोन ओळी ठेवा. तपासणी शुल्क, जे निकाल काहीही लागो द्यावंच लागेल. आणि दुरुस्ती किंवा बदल, जे नंतर ठरेल. समजा तपासणीचे तुम्ही ८०० ठेवलेत आणि काम दहा मिनिटांत झालं, तरी ८००. काम तीन तास लांबलं तरी ८००. म्हणून तर हा क्रम पाठ असायला हवा, नाहीतर एस. व्ही. रोडच्या ट्रॅफिकमध्ये गेलेला वेळ धरून तुमच्या तासाला काहीच उरत नाही. जॉब शीटवर लिहा की केबल चाचणी ग्राहकासमोर केली, कोणत्या वेगावर काय दिसलं, सेटिंगची फाइल कोणाला दिली. खाली सही घ्या.

पोर्ट खरंच गेला असेल तर ग्राहक विचारेल, दुसरा घ्यायचा का? राउटर चालतोय, एसएसएचने आत जाता येतंय, सेटिंगची प्रत आहे, तर उद्याच बदला असं घाबरवू नका. पण खरंही सांगा. २९०० मालिकेची विक्री सिस्कोने डिसेंबर २०१७ मध्ये थांबवली आणि सपोर्ट २०२२ च्या शेवटी संपला. सीएच्या ऑफिसमध्ये लोकांचे आर्थिक कागद असतात, तिथे सुरक्षेचे अपडेट न मिळणारं यंत्र दारावर बसवणं मला पटत नाही. हे लेखी कळवा, निर्णय त्यांचा.

बजेट नाही म्हणून ग्राहकाने जुनाच मागितला, तर लॅमिंग्टन रोड आहेच. मालाडहून चर्चगेटची स्लो लोकल पकडा, ग्रँट रोडला उतरा. जाताना लॅपटॉप, दोन्ही कन्व्हर्टर, निळी केबल आणि तो लाल टेपचा आयओ बरोबर न्या. दुकानात दिवे लागलेले बघून पैसे देऊ नका. काउंटरवरच कन्सोल लावून राउटर सुरुवातीपासून चालू करून बघा, टाइप केलेलं पोहोचतंय का बघा, "शो व्हर्जन" चा फोटो काढा आणि त्यातला सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या.